पांढरा म्हणजे नेमका कोणता पांढरा? पडद्यावरील रंगाच्या झाकेचा इतिहास

१/
अजिंठ्याच्या १ क्रमांकाच्या लेण्यातील पद्मपाणी बोधिसत्त्वाची दोन छायाचित्रे संगणकाच्या पडद्यावर शेजारी शेजारी ठेवली, तर पुष्कळदा ती दोन वेगवेगळ्या भिंतींची वाटतात. एकात कांती मधासारखी पिवळी, तर दुसऱ्यात तीच कांती थंड आणि करडी. चित्र एक, चित्रकाराची रेषा एक. मग खरा रंग कोणता? या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना माणसाला न्यूटनपासून आजच्या मॉनिटरपर्यंतचा साडेतीनशे वर्षांचा प्रवास करावा लागतो.

२/
अजिंठ्यापुरते बोलायचे तर पिवळेपणाचा एक धनी भिंतीवरच आहे. १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांचे विद्यार्थी यांनी या चित्रांच्या प्रतिकृती केल्या, तेव्हा मूळ रंग उठून दिसावेत म्हणून चित्रांवर व्हार्निश लावले गेले. पुढे १९२० नंतर निजामाच्या राज्यातील पुरातत्त्व खात्याने, गुलाम याझदानी प्रमुख असताना, लोरेन्झो चेक्कोनी या इटालियन संवर्धकाला पाचारण केले. त्यांनी चित्रांना लाखेच्या रोगणाचा थर दिला. काळाच्या ओघात हे थर पिवळे आणि गडद होत गेले. पिवळ्या थराखालचा निळा रंग हिरवट दिसू लागतो, हे वेगळे सांगायला नको.

३/
म्हणजे पडद्यावर दिसणाऱ्या पिवळेपणावर चार जणांचा दावा असू शकतो: भिंतीवरचे रोगण, छायाचित्रकाराचा दिवा, कॅमेरा किंवा फिल्म, आणि ज्यावर आपण चित्र पाहतो तो पडदा. पहिले तीन दावे पुरावा म्हणून तपासण्याजोगे आहेत. चौथा दावा मात्र आधी निकालात काढावा लागतो. कारण साक्षीदाराचा चष्माच रंगीत असेल, तर त्याची साक्ष ग्राह्य कशी धरणार? छायाचित्र संपादनापूर्वी मॉनिटरचे कॅलिब्रेशन करतात ते याचसाठी. आणि कॅलिब्रेशन करूनही राहून गेलेल्या छटेला आपली भाषा नेमका शब्द देते: झाक.

४/
झाक ओळखण्याची कसोटी सोपी आहे. लाल, हिरवा आणि निळा या तिन्हींची मूल्ये समान असलेला, काळ्याकडून पांढऱ्याकडे जाणारा राखाडी पट्टा पडद्यावर घ्यावा. तो सर्वत्र निव्वळ राखाडी दिसला तर पडदा निर्दोष आणि दोष छायाचित्रात. पट्ट्यावरच गुलाबी, हिरवी किंवा निळी छटा आली, तर दोष पडद्याकडे, किंवा पाहण्याच्या परिस्थितीत. पण 'निव्वळ राखाडी' हे कोणी ठरवले? इतिहास इथून सुरू होतो.

५/
१६७२ मध्ये आयझॅक न्यूटनने प्रकाश आणि रंगांविषयीचा आपला सिद्धांत प्रसिद्ध केला. पांढरा प्रकाश हा शुद्ध मूलद्रव्यासारखा नसून वेगवेगळ्या किरणांचे मिश्रण आहे, हे त्याने लोलकाच्या साहाय्याने दाखवले. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी थॉमस यंगने डोळ्यात तीन प्रकारच्या संवेदना असाव्यात अशी कल्पना मांडली. या दोन गोष्टींतून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. पांढरा जर मिश्रण असेल आणि ते जोखणारा डोळा तीनच मापांनी मोजत असेल, तर वेगवेगळी मिश्रणे 'पांढरी' ठरू शकतात. पांढऱ्याचा एकच अस्सल नमुना निसर्गात ठेवलेला नाही.

६/
१७ मे १८६१ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेलने चौकडीच्या रंगीत फितीची प्रतिमा दाखवली. थॉमस सटन यांनी लाल, हिरव्या आणि निळ्या द्रावणांतून स्वतंत्र छायाचित्रे घेतली होती. तीन दिव्यांनी ती एकावर एक पाडताच रंग उमटले. आजच्या प्रत्येक पडद्याची ही पणजी म्हणता येईल. गंमत अशी, की त्या काळच्या काचा लाल प्रकाशाला जवळजवळ आंधळ्या होत्या. मग लाल रंग आला कुठून? शंभर वर्षांनी, १९६१ मध्ये, राल्फ एव्हान्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खुलासा केला: लाल द्रावणातून अतिनील किरणही जात होते आणि फितीचा लाल भाग ते परावर्तित करत होता.

७/
म्हणजे उत्तर बरोबर आले, पण चुकीच्या वाटेने. रंगाची झाक शोधणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग ध्यानात ठेवावा. पडदा निळसर आहे म्हणून छायाचित्र पिवळे करून घेतले, तर त्या पडद्यावर ते उत्तम दिसते. दोन चुका परस्परांना झाकतात. तेच छायाचित्र दुसऱ्या पडद्यावर किंवा छापखान्यात गेले की पहिली चूक मागे राहते आणि दुसरी उघडी पडते.

८/
पांढऱ्याला आकडा मिळाला तो तापलेल्या वस्तूंच्या अभ्यासातून. लोहाराच्या भट्टीतले लोखंड आधी लाल, मग नारिंगी, मग पिवळे आणि शेवटी पांढरे होते. १९०० मध्ये मॅक्स प्लांकने अशा प्रकाशाचे गणिती सूत्र दिले आणि तापमान सांगितले की रंग सांगता येऊ लागला. जुना टंगस्टनचा दिवा सुमारे २,८०० केल्विन, तर दिवसाचा उजेड साधारण ५,५०० ते ६,५०० केल्विन. येथे नवशिक्याची हमखास फसगत होते. आकडा जितका मोठा तितका पांढरा निळसर. आणि आपण मात्र निळ्याला 'थंड' म्हणतो. मॉनिटरच्या यादीत ५,००० आणि ६,५०० पैकी पिवळसर कोणता, हे लोहाराची भट्टी आठवली की चुकत नाही.

९/
१९३१ मध्ये केंब्रिज येथे भरलेल्या बैठकीत आंतरराष्ट्रीय प्रदीपन आयोगाने, म्हणजे सीआयईने, रंगमापनाची पद्धत मुक्रर केली. तिच्या मुळाशी लंडन परिसरातले दोन प्रयोग होते: डेव्हिड राइटचे १० निरीक्षक आणि जॉन गिल्डचे ७. हाताच्या अंतरावर धरलेल्या अंगठ्याच्या रुंदीएवढ्या लहानशा प्रकाशखिडकीत पाहून त्यांनी रंग जुळवले. या १७ जोडी डोळ्यांच्या सरासरीतून 'प्रमाण निरीक्षक' जन्माला आला. आज जगातले बहुतेक रंगमापक यंत्र याच निरीक्षकाच्या डोळ्याने पाहते.

१०/
त्याच वर्षी प्रमाण प्रकाशही ठरले. 'ए' म्हणजे टंगस्टनचा दिवा, 'बी' म्हणजे दुपारचे थेट ऊन, 'सी' म्हणजे दिवसाचा सरासरी उजेड. प्रयोगशाळेत ऊन आणायचे कसे? डेव्हिस आणि गिब्सन यांनी दिव्यापुढे द्रावणाच्या दोन पेट्या ठेवल्या. एकीत मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट, तर दुसरीत कोबाल्टचा क्षार हे मुख्य घटक. दिव्याचा पिवळेपणा गाळून निघे आणि दिवसासारखा उजेड पडे. मात्र या कृत्रिम उजेडात अतिनील भाग फारच थोडा होता, त्यामुळे चमकदार कागद आणि कापड खऱ्या उन्हात दिसतात तसे त्यात दिसत नसत.

११/
ही उणीव भरून काढण्यासाठी १९६४ मध्ये जड, मॅकअ‍ॅडम आणि विशेत्स्की यांनी खऱ्या आकाशाच्या ६२२ मापनांचा आधार घेतला. ती रोचेस्टर, एनफिल्ड आणि ओटावा, म्हणजे अमेरिका, इंग्लंड आणि कॅनडा येथील होती. त्यांतून आजचा डी६५ हा प्रमाण उजेड घडला. उष्णकटिबंधातले एकही आकाश त्या संचात नव्हते. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी तेथील आकाशाची मापने त्याच दशकात प्रसिद्ध केली. पण प्रमाण म्हणून रूढ झाले ते उत्तरेचे आकाश. पुढे १९६८ मध्ये तापमानाच्या मोजपट्टीतला एक स्थिरांक सुधारला गेला आणि उजेडात काडीचाही बदल न होता डी६५ चे तापमान ६,५०० वरून ६,५०४ झाले.

१२/
दूरचित्रवाणीने हा प्रश्न घराघरात नेला. १९५३ च्या अमेरिकी रंगीत प्रक्षेपणाने 'सी' हा पांढरा धरला. युरोपच्या पाल पद्धतीने डी६५ स्वीकारला. १९८२ मध्ये भारतात रंगीत दूरदर्शन आले तेही पाल पद्धतीचेच. जपानने मात्र सुमारे ९,३०० केल्विनचा निळसर पांढरा पसंत केला. काचेच्या नळीचे संगणकी मॉनिटरही वर्षानुवर्षे ९,३०० वर बेतून कारखान्याबाहेर पडत; निळसर पांढरा अधिक उजळ आणि अधिक स्वच्छ भासतो. आजही नवा पडदा सर्वत्र निळसर वाटला, तर प्रथम त्याच्या मेनूतील रंगतापमान पाहावे. ते 'थंड' किंवा ९,३०० वर असेल, तर तो बिघाड नव्हे. जुन्या आवडीनिवडीचा तो अवशेष आहे.

१३/
छापखान्याची परंपरा वेगळी. मुद्रणाचे नमुने तपासण्याचा आंतरराष्ट्रीय दंडक डी५०, म्हणजे सुमारे ५,००० केल्विनचा उजेड, मानतो. म्हणून डी६५ वर लावलेल्या पडद्याशेजारी डी५० च्या दिव्याखाली छापील प्रत धरली, की कागद पिवळा आणि पडदा निळा वाटतो. दोन्ही आपापल्या जागी अचूक असतात; त्यांचे पांढरे वेगळ्या करारातले असतात. ज्याचे काम प्रामुख्याने पडद्यासाठी आहे त्याने डी६५ वर राहावे. ज्याला छापील प्रतीशी मेळ घालायचा आहे त्याने पडद्याचा पांढरा डी५० च्या दिशेने सरकवावा आणि प्रत पाहण्याचा दिवाही ठरवून घ्यावा.

१४/
यात डोळाही स्वस्थ बसत नाही. योहानेस फॉन क्रीस या जर्मन शास्त्रज्ञाने १९०२ मध्ये सुचवले, की डोळ्यातील तिन्ही संवेदना भोवतालच्या उजेडाप्रमाणे आपापला जोर कमीजास्त करतात. कंदिलाखालचा कागद आपल्याला पांढराच वाटतो तो त्यामुळे. परिणामी, निळसर पडद्याला सरावलेल्या माणसाला कॅलिब्रेशन करताच पडदा पिवळा वाटतो आणि तो बिचारा पुन्हा जुन्या मांडणीकडे वळतो. असा निर्णय घाईने घेऊ नये. डोळ्याला निदान काही मिनिटे द्यावीत. भडक रंगाची भिंत, खिडकीतून येणारी संध्याकाळची तिरीप, पिवळा दिवा हेही पडद्यावर खोटी झाक आणतात. राखाडी पार्श्वभूमी आणि मंद, स्थिर उजेड हा जुना उपाय आजही खरा आहे.

१५/
१९९३ मध्ये संगणक आणि छायाचित्रण क्षेत्रातील आठ कंपन्यांनी मिळून आंतरराष्ट्रीय रंग संघाची, म्हणजे आयसीसीची, स्थापना केली. प्रत्येक उपकरणाने आपल्या रंगांचे वर्णन एका फाइलमध्ये द्यावे, ही त्यामागची कल्पना, तीच प्रोफाइल. येथे दोन कामे वेगळी ओळखावीत. कॅलिब्रेशन पडद्याची वागणूक सुधारते; प्रोफाइल सुधारलेल्या वागणुकीचे वर्णन करते. सुधारणा बहुधा ग्राफिक कार्डात भरलेल्या वक्ररेषांनी होते. संगणक झोपेतून उठताना त्या पुसल्या गेल्या, तर वर्णन शिल्लक राहते आणि वर्णिलेली स्थिती नाहीशी होते. ड्रायव्हरमधील जुनी रंगसुधारणा तशीच राहून तिच्यावर नवी बसली, तर दुहेरी उपचार होतो. फक्त गडद भागात किंवा फक्त मधल्या राखाडीत झाक दिसली, तर संशय या वक्ररेषांवर घ्यावा.

१६/
१९९६ मध्ये एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी एसआरजीबी हा सामायिक रंगावकाश मांडला. त्याचा पांढरा डी६५. पुढे त्याहून कितीतरी गडद रंग दाखवणारे विस्तृत पल्ल्याचे पडदे आले. प्रोफाइल न वाचणारे सॉफ्टवेअर अशा पडद्यावर चेहरे लालबुंद आणि गवत झगझगीत करते. याला झाक समजून निळा-हिरवा वाढवणे ही मोठी चूक ठरते. राखाडी पट्टा स्वच्छ असेल आणि केवळ रंगच भडक असतील, तर दोष पांढऱ्याचा नाही. प्रोफाइल कोणी वाचत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

१७/
कधी यंत्र 'सर्व अचूक' म्हणते आणि डोळा मान्य करत नाही. पडद्यावर टेकवायचा रंगमापक तीन गाळण्यांतून पाहतो आणि त्या गाळण्या प्रमाण निरीक्षकाच्या डोळ्याची नक्कल करतात. जुन्या यंत्रांतल्या गाळण्या दमटपणाने आणि वयाने उतरतात. शिवाय जुन्या नळीदिव्याचा, पांढऱ्या एलईडीचा आणि विस्तृत पल्ल्याच्या एलईडीचा वर्णपट वेगवेगळा असतो. सॉफ्टवेअरमध्ये पडद्याचा प्रकार चुकीचा निवडला, तर यंत्र प्रामाणिकपणे चुकीचा पांढरा लावून देते. अनेक नव्या पडद्यांवर उरणाऱ्या हिरवट किंवा गुलाबी झाकेचे मूळ येथे सापडते.

१८/
आणि प्रकार अचूक निवडूनही दोन पडदे जुळले नाहीत तर? मग बोट थेट १९३१ कडे जाते. प्रमाण निरीक्षक १९२४ च्या ज्या प्रकाशसंवेदना-वक्रावर उभा आहे, त्यात निळ्या-जांभळ्या टोकाची संवेदना कमी धरली गेली होती. डीन जड यांनी १९५१ मध्ये दुरुस्ती सुचवली, फोस यांनी १९७८ मध्ये ती आणखी नेटकी केली. पण उद्योगाने जुनाच वक्र कायम ठेवला. काचेच्या नळ्यांच्या जमान्यात सर्वांची प्रकाशद्रव्ये सारखीच असल्याने चूक लपून राहिली. ओएलईडी आणि तीक्ष्ण वर्णपटाचे पडदे आले तेव्हा ती उघड झाली. आकडे तंतोतंत सारखे, तरी पांढरे वेगळे. अशा वेळी एका पडद्याचा पांढरा डोळ्याने दुसऱ्याशी जुळवून ते मूल्य लक्ष्य म्हणून नोंदवणे, हा व्यवसायात मान्य झालेला मार्ग आहे.

१९/
प्रमाण कोणाचे, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापासून कोडॅक आपल्या छपाईकेंद्रांना एक नमुना-छायाचित्र पाठवत असे. त्यात गोऱ्या तरुणीचा चेहरा असे आणि त्याला 'शर्ली कार्ड' म्हणत. तिची कांती बरोबर आली की यंत्र बरोबर. सावळे आणि काळे चेहरे त्या मापात तपशील हरवून बसत. कॅनडातील अभ्यासक लॉर्ना रॉथ यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात नोंदवले आहे, की गडद छटांतल्या तक्रारींकडे लक्ष गेले ते लाकडी सामान आणि चॉकलेट यांच्या उत्पादकांनी कुरकुर केल्यावर. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया एकत्र असलेले कार्ड १९९० च्या दशकाच्या मध्यात आले. दशकानुदशके असंख्य कुटुंबांच्या संग्रहातील चेहऱ्यांवर जी झाक राहिली, तिची दुरुस्ती कोणत्याही मॉनिटरवर पूर्णपणे होणार नाही. फिल्मवर जे नोंदलेच गेले नाही ते परत आणता येत नाही.

२०/
म्हणून तपासणीचा क्रम इतिहासाच्या शिस्तीसारखाच असावा: बाहेरून आत. आधी रात्रीचा उबदार प्रकाश देणारी सोय बंद आहे ना ते पाहावे. २००९ च्या एफ.लक्सपासून ही सोय रुजली, २०१६-१७ नंतर फोन आणि संगणकांत आयतीच मिळू लागली, आणि अनेक 'पिवळ्या' पडद्यांचे रहस्य तेवढेच असते. मग पडदा अर्धा तास तापू द्यावा आणि खोलीतला उजेड पाहावा. त्यानंतर राखाडी पट्टा. झाक सर्वत्र सारखी असेल तर मेनूतील रंगतापमान आणि निवडलेला पांढरा. ठरावीक भागातच असेल तर वक्ररेषा आणि प्रोफाइल. शेवटी यंत्राचे वय आणि पडद्याचा प्रकार. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर मॅक्सवेलच्या लाल फितीसारखे होते: उत्तर मिळते, कारण कळत नाही.

२१/
आता पुन्हा पद्मपाणीकडे. पडद्याची झाक काढून टाकली, की उरलेला पिवळेपणा बोलू लागतो. छायाचित्रात रंगपट्टी ठेवली असेल तर तिच्यावरून दिव्याचा आणि कॅमेऱ्याचा वाटा वजा करता येतो. मग जे उरते ते भिंतीचे: पाचव्या शतकाच्या रंगांवर चढलेले एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकांचे रोगण. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांनी ते थर काळजीपूर्वक काढण्याचे काम पुढे हाती घेतले. त्या कामाची आधीची आणि नंतरची छायाचित्रे पारखताना एखाद्या बेताल पडद्यावर विसंबणे म्हणजे पुराव्याशी खेळणे होय. जुन्या कागदाचे, मोडी दफ्तराचे किंवा लघुचित्राचे छायाचित्र 'सुंदर' करण्यासाठी पांढरे शुभ्र करणाऱ्याने क्षणभर थांबावे. पुसला जाणारा तो पिवळेपणा कदाचित त्या वस्तूच्या वयाचा एकमेव दाखला असेल.